वैशाखातील दुपार आणि टो-विमानाचा हिशेब

चैत्र सरून वैशाख लागला की शिरूर-दौंडच्या माळरानांवरून भर दुपारी उठणारे ऊर्ध्वप्रवाह ग्लायडरचालकास खुणावू लागतात. परंतु ज्या उष्णतेने हे प्रवाह उठतात तीच उष्णता त्याला ओढून वर नेणाऱ्या टो-विमानाचे बळ हरण करीत असते, आणि हडपसरच्या केंद्रात विंचच्या दोराने वर जाण्याची सवय झालेल्यांस ही दुर्बलता अनुभवाने ठाऊक असतेच असे नाही.

घोड आणि भीमा यांच्या काठची ही भूमी सुमारे १८०० फूट उंचीची. या उंचीवर प्रमाण वातावरणाचे तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात, आणि त्यावरील प्रत्येक अंशामागे घनता-उंची सुमारे १२० फुटांनी वाढते. म्हणजे सकाळी २२ अंशांवर जी ३,१०० फुटांच्या आत असते, तीच दुपारी ४० अंशांवर ५,२०० फुटांपलीकडे जाते. सबब सकाळच्या उड्डाणाचा दाखला दुपारी ग्राह्य धरणे ही गफलत होय. साध्या इंजिनाची शक्ती, प्रोपेलरची ओढ आणि पंखांची उचल ही तिन्ही एकदमच घटतात. समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेच्या मानाने, वेगदर्शकाचा काटा तोच आकडा दाखवीत असता जमिनीवरील वेग सुमारे ८ टक्के अधिक असतो; त्यामुळे कडेची बाभळीची झुडपे झरझर मागे पडताना पाहून पुरेसा वेग आल्याचा जो भास होतो, त्यावर विसंबू नये.

यास्तव धावपट्टीच्या मध्यावर चुन्याची ठळक खूण मुक्रर करावी, आणि तेथवर उचल-वेगाचे सात दशांश आले नसतील तर उड्डाण तत्क्षणी रद्द करावे. धावेचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून सात दशांश वेगास निम्मी धाव लागते, इतकाच यामागील हिशेब. मात्र तो केवळ जमीन सोडण्यापुरता आहे. पुढे उसाचे रान वा विजेच्या तारा असतील तर खूण बरीच अलीकडे घ्यावी. रद्द करताना कोणी कोणत्या बाजूस वळावे, हे दोर अडकवण्यापूर्वीच ठरलेले असावे, आणि टो-चालकाने नकार दिल्यास त्यावर हुज्जत घालण्याची मुभा कोणासही नसावी.

दौंडकडे जाऊन काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात उतरलेले ग्लायडर तेथूनच ओढून न्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांस आमचे कळकळीचे सांगणे आहे की धसकटे व ढेकळे चाकाला धरून ठेवतात, बांध जवळ असतो आणि ऊन उतरलेले नसते. शेतमालकाची परवानगी घ्यावी, पंख उतरवावेत आणि ग्लायडर गाडीवर घालून रस्त्याने परत आणावे.