नाव नोआम ठेवा, पण कारण बदला



ठाण्याला आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब राहायचं. हे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलणारे, आडनावाला गावावरून 'कर' लावणारे. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी बंद ठेवायचे, त्यावरून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. तिच्या घरी मांस आणि दूध एकत्र चालत नसे, माझ्या घरी कांदा-बटाटा चालत नाही. त्यामुळे "अगं, हे तुला चालेल ना?" असं विचारूनच ताट वाढायची सवय आम्हा दोघींना लागली. पुढे ती मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला गेली. फोन मात्र सुटला नाही.

परवा तिला नात झाली. मी अभिनंदन करायला फोन केला, तर आवाज उतरलेला. म्हणाली, "अगं, मला आईचं नाव ठेवायचं होतं, नाओमी. सूनबाई म्हणते, मुलगा की मुलगी ते कळणार नाही असंच नाव हवं. तूच सांग आता."

सूनबाईंची यादी तिने वाचून दाखवली : नोआम, युवाल, ताल, गाल. गाल ऐकून दोघी हसलो. 'वंडर वूमन'मधली नटी गाल गॅडोट याच नावाची. हिब्रूत गाल म्हणजे लाट. ताल म्हणजे दव. हिब्रूत अशी नावं पुष्कळ आहेत, मुलालाही चालतात आणि मुलीलाही. शाहार म्हणजे पहाट. ओर म्हणजे उजेड. आदी म्हणजे दागिना. आपल्याला मात्र ते ऐकून आदिनाथ भगवानच आठवतील. आणि आपल्याकडे घरोघरी असणारा अमित तिकडे मुलगीही असू शकतो, कारण हिब्रूत त्याचा अर्थ सोबती. आपल्याकडे किरण नाही का दोघांनाही चालत?

आधी मी सूनबाईंच्याच बाजूने होते. त्यांचं म्हणणं असं की, नुसतं नाव वाचून कुणी आधीच मत बनवू नये. हे चुकीचं कसं म्हणू? बी.कॉम. झाल्यावर मीही नोकरीसाठी अर्ज केले होते. "लग्न ठरलंय का?" हा प्रश्न हिशेबाच्या प्रश्नाआधी यायचा.

पण फोन ठेवल्यावर विचार करत बसले. हिब्रू भाषा या बाबतीत आपल्या मराठीसारखीच आहे. आपण 'मी काम करतो' किंवा 'मी काम करते' म्हणतो. हिब्रूतही वर्तमानकाळात पुरुष म्हणतो 'ओवेद' आणि बाई म्हणते 'ओवेदेत'. 'तू' म्हणायलासुद्धा मुलाला 'अता' आणि मुलीला 'अत' असे वेगळे शब्द आहेत. म्हणजे नाव कितीही समान ठेवा, पोर तोंड उघडेल त्या क्षणी कळणारच. लपवायला म्हणून नाव ठेवायचं असेल, तर त्या भाषेत ते फार वेळ लपत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. यादीत दोन प्रकारची नावं आहेत. ताल, गाल ही मुळात दवाची आणि लाटेची. ती कुणा एकाची नव्हेत. पण युवाल हा तोरातला पुरुष, वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष मानला गेलेला. नोआमही पूर्वी मुलांचंच नाव, आता मुलींनाही सर्रास ठेवतात. मुलांची नावं मुलींकडे आली, ठीक. पण मुलाचं नाव नाओमी ठेवलेलं कुणी ऐकलंय का? आपल्याकडेही लाडाने मुलीला "माझा मुलगाच तो" म्हणतात. मुलाला "माझी मुलगीच ती" म्हटलं तर त्याला राग येतो. मी कॉमर्सची, मला खातं दोन्ही बाजूंनी जुळलेलं लागतं. हे जुळत नाही.

माझ्या या मैत्रिणीनेच मला पूर्वी तोरातली सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट सांगितली होती. बाप मुलगा नसताना वारला. वाटणीच्या वेळी त्या पाच जणी मोशेसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, आम्हाला हिस्सा द्या, असं त्यांनी मागितलं. आणि तो त्यांना मिळाला. पुढे लग्न आपल्याच वंशात करायची अट त्यांच्यावर आली, हेही खरं. पण हिस्सा मिळाला. त्या पाचांतली एक नोआ. आपल्याला ते नाव जहाजवाल्या नोहाचं वाटेल, पण हिब्रूत दोन्ही नावांची अक्षरं वेगळी आहेत. नोआ हे मुलीचंच नाव. मुलीचं नाव सांगूनच ती उभी राहिली आणि जमीन घेऊन गेली.

इथे मला आपलं घर आठवतं. आपल्या जैनांनाही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे आणि 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. पण भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला की आपण चष्मा शोधतो आणि सही करतो. मीही केली आहे. माहेर तुटायला नको म्हणून केली. माझं नाव किरण असतं तरी त्या कागदावर मी बहीणच होते.

म्हणून मी मैत्रिणीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "अगं, नोआम आणि नाओमी ही एकाच धातूची नावं आहेत ना? दोन्हींत तोच गोडवा. तुझी आई त्या नावात आलीच की. सुनेला नोआम ठेवू दे. फक्त तिला म्हणावं, 'मुलगी आहे हे कळू नये म्हणून' असं कुणाला सांगू नको. पणजीवरून ठेवलं, असं सांग."

पोरीला मोठेपणी दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतील : माझं नाव असं का, आणि माझा वाटा कुठे? पहिल्याचं उत्तर 'तू मुलगी होतीस म्हणून झाकलं' असं असू नये. आणि दुसऱ्याचं उत्तर नावात नसतं, ते आपल्या सहीत असतं.

मैत्रीण जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सूनबाईला सांगून बघते. पण मी मात्र तिला नाओमीच म्हणणार हं!"

म्हण बाई. आजीला तेवढा हक्क आहेच, आणि तो सोडायला कुणी सांगितलेलं नाही.