इटली म्हणजे अष्टविनायक नव्हे

परवा रात्री मेसमधून परत आलो तर खोलीवर थर्ड इयरची तीन पोरं बसलेली. तिघांनाही उन्हाळ्यात जर्मनीत इंटर्नशिप मिळाली आहे (अभिनंदन, पार्टी अजून बाकी आहे). इंटर्नशिप संपल्यावर घरी निघायच्या आधी सहा दिवस मोकळे, आणि त्या सहा दिवसांत इटली. एकाने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. मिलान, वेरोना, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा, रोम, नेपल्स. प्रत्येक शहराला वेगळा रंग, तासातासाचे रकाने. "दादा, सगळं ऑप्टिमाइज केलंय, तू फक्त एकदा नजर टाक."

नजर टाकली, पण हसू काही आलं नाही. कारण गेल्या वर्षी अशीच शीट मी केली होती. माझ्यात पाच शहरं होती, एवढाच फरक.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना इथूनच सुरुवात करता येईल. सहा दिवस असतील तर दोन शहरं. रोम आणि फ्लोरेन्स. तिसरं नाही.

आपल्याकडे सहल म्हटली की अष्टविनायकाचा हिशोब डोक्यात असतो. दोन दिवसांत आठ गणपती, पहाटे चारला बस सुटली पाहिजे, रांजणगावला जेवण, आणि शेवटी परत मोरगावला माथा टेकला की यात्रा पूर्ण. तिथे ते बरोबरच आहे, एक राहिला तर यात्रा अपुरी मानतात. पण इटलीत असा नियम कोणी केलेला नाही. व्हेनिस राहिलं म्हणून कोणाचं पुण्य कमी होत नाही. तरी आपण धावतो, कारण परत आल्यावर कोणीतरी विचारणार, "काय रे, व्हेनिसला नाही गेलास?"

मेकॅनिकलवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. लेथवर जॉब बदलला की सेटिंगला वेळ जातो, त्या वेळात एक मिलिमीटरही कटिंग होत नाही. शहर बदलणं म्हणजे नवं सेटिंग. व्हेनिस ते फ्लोरेन्स फास्ट ट्रेनने सव्वादोन तास, शीटमध्ये तेवढेच लिहिलेले असतात. पण सकाळी सॅक भरणं, चेक-आउट, स्टेशन, प्लॅटफॉर्म शोधणं, उतरल्यावर हॉस्टेल शोधणं, तिथे दुपारी तीनशिवाय खोली मिळत नाही म्हणून सामान ठेवायची सोय बघणं, मग भूक. अर्धा दिवस संपला. पाच शहरांत चार वेळा असं झालं, म्हणजे सहातले दोन दिवस मी इटली बघितली ती रेल्वेच्या काचेतून आणि लॉकरच्या रांगेतून. त्यात एखाद्या दिवशी रेल्वेचा संप असला (तिथे तो बऱ्यापैकी नियमित असतो) तर घट्ट बसवलेलं सगळं वेळापत्रक एकदम कोसळतं. टॉलरन्स न ठेवता केलेलं डिझाइन आहे ते. व्हायवाला असं ड्रॉइंग दाखवलंत तर काय होईल?

मिलानमध्ये 'लास्ट सपर' बघायला गेलो. एका वेळी मोजकी माणसं आत सोडतात, तीही पंधरा मिनिटांसाठी, आणि तिकिटं कित्येक आठवडे आधी संपलेली असतात. मी दारात जाऊन तिकीट मागितलं. तिथली बाई इतक्या सौजन्याने हसली की राग मानायचीही सोय राहिली नाही.

पण खरा फटका रोममध्ये बसला. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सिस्टीन चॅपेलच्या छतावरचं ते दोन हातांचं चित्र, बोटं एकमेकांना टेकायला जराशी कमी पडलेली, एका जुन्या कॅलेंडरवरून कापून त्यांनी घरी लावलेलं आहे. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मी निघताना बाबा एवढंच म्हणाले, "ते तेवढं नीट बघून ये."

रोमला माझ्या शीटमध्ये एक दिवस होता आणि तो रविवार निघाला. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. तो शेवटचा नव्हता. आणि सिस्टीन चॅपेलला जायचं तर त्या म्युझियममधूनच जावं लागतं. पाच शहरांचे दर, अंतरं, हॉस्टेलं सगळं तपासलं होतं, वार तपासला नव्हता. बाजूलाच सेंट पीटर्स उघडं होतं, आत मायकेलअँजेलोचीच 'पिएता' आहे, पण सिक्युरिटीची रांग बघितली, कोलोसियमच्या तिकिटावरची वेळ बघितली आणि पळत सुटलो. कोलोसियमही बघितलं म्हणायचं. सन ८० मध्ये पूर्ण झालेली वास्तू मी साधारण पाऊण तासात उरकली.

दुपारी मात्र एक गंमत झाली. पँथिऑनला गेलो तेव्हा प्लॅन पंधरा मिनिटांचा होता. आत शिरलो आणि वळवासारखा पाऊस कोसळला, बाहेर पडायची सोय नाही. त्या घुमटाच्या बरोबर मध्यावर वर एक मोठं गोल भोक आहे, उघडंच. पाऊस सरळ आत पडत होता आणि खालच्या फरशीला अगदी हलका उतार आणि बारीक भोकं असल्यामुळे निघूनही जात होता. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचं ड्रेनेज, आणि चालू. (आमच्या विंगच्या बाथरूमबद्दल मी इथे काही लिहीत नाही.) घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, आणि जमिनीपासून त्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल मावेल. सगळं काँक्रीट, आत एक सळई नाही. वर जाताना भिंत पातळ होत जाते आणि काँक्रीटमधली खडीही हलकी होत जाते, सगळ्यात वर तर प्युमिससारखा सच्छिद्र दगड. हे पुस्तकात वाचलं होतं. पण तासभर मान वर करून उभं राहिल्यावर ते पोटात उतरलं. त्या सहा दिवसांतलं आज डोळे मिटून दिसतं ते एवढंच, आणि ते माझ्या शीटमुळे नाही, पावसामुळे.

म्हणून सांगतो, रोमला चार रात्री द्या. व्हॅटिकनला एक अख्खी सकाळ, तिकीट आधी काढून. कोलोसियमला दुसरी. पँथिऑनला दोनदा जा, पाच युरो तिकीट आहे. बाकी वेळ चाला. रस्त्यावरच्या नळांचं पाणी फुकट आणि पिण्याजोगं असतं, बाटली जवळ ठेवा. कॉफी काउंटरला उभ्याने प्या, टेबलावर बसलात तर बऱ्याच ठिकाणी तीच कॉफी महाग पडते.

मग फ्लोरेन्स, ट्रेनने दीड तास. तिथे दोन रात्री. उफिझी सोमवारी बंद असतं, हे मी आता विसरणार नाही. सिव्हिलवाल्यांनी कॅथीड्रलचा घुमट चुकवू नये. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो उभारला, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न लावता. विटा अशा गुंफत नेल्या की बांधकाम चालू असताना ते स्वतःलाच धरून राहील. ४६३ पायऱ्या चढून वर जाताना दोन कवचांच्या मधून वाट जाते आणि त्या विटा हाताशी येतात. याचं बुकिंगही आधीच करावं लागतं.

पोरांनी हे सगळं ऐकलं आणि मग त्यातला एकजण बोलला, "दादा, तुझं बरोबर आहे. पण परत कधी जाणार आपण? घरचं लोन आहे डोक्यावर." याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. 'परत जाशील रे' असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं ठरू शकतं. मीही कदाचित परत जाणार नाही. पण पुन्हा मिळणार नाही म्हणून सात ठिकाणी तोंड दाखवायचं, की पुन्हा मिळणार नाही म्हणून एक गोष्ट नीट बघायची, यात मला आता शंका राहिलेली नाही.

घरी गेलो तेव्हा बाबांसाठी स्टेशनवरून घेतलेलं सिस्टीनचं पोस्टकार्ड दिलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "छपाई चांगली आहे." आणि मग विचारलं, "प्रत्यक्षात निळा असाच आहे का रे?" मी हो म्हणालो.

पोरांच्या शीटवर आता दोनच रंग उरलेत. वेरोना, नेपल्स लगेच गेले, व्हेनिसवर बारापर्यंत वाद झाला. पिसा सोडायला मात्र एकजण शेवटपर्यंत तयार नव्हता. त्याला म्हटलं, परतीचं विमान पिसाहूनच बघ. फ्लोरेन्सहून तासाभराची ट्रेन आहे, विमानतळ शहराला लागूनच आहे, संध्याकाळचं विमान मिळालं तर मनोरा बघूनच निघशील. तो तिकिटं शोधतोय. बाकी दोघं कॅलेंडर उघडून वार मोजत होते.