"किती वॅटचा आहे बे?"

(मी कॉन्व्हेंटचा, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

होस्टेलमध्ये स्पीकर आला की पहिला प्रश्न हाच. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे आणि तो चुकल्याची किंमत मी मोजली आहे.

सुट्टीत टीडीए २०३० चे दोन आयसी घेऊन स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बनवला. सामान बर्डीवरून आणलं. डेटाशीटमध्ये ४ ओहमवर १४ वॅट. घरी बाबांचे जुने स्पीकर होते, मागे ६० वॅट लिहिलेलं. म्हटलं, १४ वॅट ह्यांचं काय वाकडं करणार! व्हॉल्यूम पूर्ण उघडला. आवाज फाटला, तरी ऐकत राहिलो. दहा मिनिटांत डावा ट्विटर उडाला. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

झालं असं, की अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपला की सिग्नलची शेंडी कापली जाते. त्यातून नको त्या वरच्या फ्रिक्वेन्सी निघतात आणि त्यांचा मार बिचाऱ्या ट्विटरला बसतो. म्हणजे लहान अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा मोठा स्पीकर जाळतो!

तेव्हा मित्रांनो, वॅटआधी सेन्सिटिव्हिटी विचारा. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ८ वॅट लागतील, तिथे ९२ वाल्याला २ पुरतात. (आपल्या खोलीत तर १ वॅटनेही वॉर्डन सर येतात.) शिवाय ४ ओहमचे दोन पॅरललमध्ये जोडू नका, २ ओहमवर आयसी तापणारच.

नवा ट्विटर बसवला. उजव्याशी जुळत नाही. बाबा म्हणतात, "ठीक वाजून राहिला."