तेलाची बाटली आली, पालेभाजीचे काय?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ''डॉक्टर, हे रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे घेतले, तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?''

मी विचारले, ''गुरुजी, घरी पालेभाजी किती वेळा होते?''

''होते की! महिन्यातून एखाद-दोन वेळा.''

असे प्रश्न हल्ली वारंवार येतात, म्हणून आज या तेलाविषयी थोडे.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती आली ती भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून. अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरील लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू फारच कमी आढळले. त्यांच्या जेवणात ऑलिव्ह तेल भरपूर होते. पण ते कोणी औषधासारखे पीत नव्हते. ते पालेभाज्या, कडधान्ये आणि पावाबरोबर पोटात जात होते. शिवाय दिवसभर शेतातले कष्ट होते. रानातला पाला खुडून आणायचा, उकडायचा, वर तेल घालून लिंबू पिळायचे. या पदार्थाला तिकडे 'होर्ता' म्हणतात. इटलीत पालक लसणीवर परततात.

ही इटालियन भाजी अगदी सोपी आहे. पालकाची जुडी निवडून तीन-चार पाण्यांतून धुवा व निथळू द्या. कढईत दोन लहान चमचे तेल तापवून लसणीच्या चार ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर परता. त्या करपू देऊ नका. मग पाला घालून आच वाढवा. तीन-चार मिनिटांत पाला बसतो. चवीपुरते मीठ घाला, कढई उतरवा आणि मग लिंबू पिळा.

यात शास्त्रही आहे. पाल्यातील कॅरोटीन, ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते, ते शोषले जायला थोडे तेल लागते. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू शेवटी. तासभर शिजवून, वरचे पाणी ओतून दिलेल्या भाजीत यातले बरेच काही उरत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ऑलिव्ह तेल परवडत असेल तर खुशाल वापरा. पण नेहमीच्या तेलाऐवजी, त्यात भर म्हणून नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात. परवडत नसेल तर खंत नको. आपल्या शेंगदाणा तेलातही ऑलिव्हमधले ओलेइक आम्ल चांगल्या प्रमाणात असते. त्या तेलात मेथी, चाकवत, माठ याच रीतीने परता.

दोन सूचना. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक व माठ बेताने खावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये; आधी डॉक्टरांना विचारावे.

गुरुजींची गोळी चालूच ठेवली आहे. बाटली त्यांना परत दिली आणि चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली लिहिले : पालेभाजी, एक वाटी, दररोज.