सराव आणि तालीम

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास खाशाबा जाधवांचे नाव दिलेले आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले, तेव्हा त्यांच्या ठायी सरावाची उणीव नव्हती. बालपणापासून आखाड्याची माती त्यांच्या अंगाला लागलेली होती. परंतु गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना नवे होते. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना शिकविले. त्या वेळी खाशाबा सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले.

सराव अंगी जे आहे तेच दृढ करतो, मग ते बरोबर असो वा चूक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांचे १९३१-३२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. डोळे बांधलेल्या माणसांकडून त्यांनी ठराविक लांबीच्या रेघा हजारो वेळा काढविल्या. रेघ बरोबर आली की चुकली, हे कोणी सांगितले नाही तेव्हा शेवटची रेघ पहिलीहून सरस ठरली नाही. ते सांगू लागताच हात सुधारू लागला. चूक दाखविणारा डोळा आणि ती टाळण्याची रीत, ही तालमीची देणगी होय.

ओखला किंवा फरीदाबादच्या एखाद्या लहान कारखान्यात लेथवर वर्षानुवर्षे एकाच मापाचे बोल्ट घडविणारा मुलगा घ्या. त्याचा हात वेगाने चालतो. मात्र ड्रॉइंग वाचणे किंवा हत्यार का थरथरते हे ओळखणे, त्याला कोणी शिकविलेले नसते. मालक यालाच ‘काम शिकविणे’ म्हणतो. संगणकाने चालणारे यंत्र येताच पहिला जातो तो हाच मुलगा, आणि दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. हा सरळ अन्याय आहे.

उलट बाजूचा दोषही लहान नाही. अल्पमुदतीच्या वर्गात सर्व सांगितले जाते, प्रमाणपत्रही मिळते. पण यंत्रावर हात बसण्याइतका वेळच दिला जात नाही. (पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी नदी ओलांडलेली नाही.)

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने हा भेद जाणला आहे. नवख्या उमेदवारास आधी मूलभूत प्रशिक्षण आणि मग कामावरील प्रशिक्षण, असा त्याचा क्रम आहे. २०१६ च्या प्रोत्साहन योजनेनुसार केंद्र सरकारने विद्यावेतनाचा काही भारही उचलला. लहान कारखान्यात खरी अडचण उस्तादाच्या वेळेची असते. मुलाने केलेला बोल्ट हाती घेऊन त्याची चूक दाखवावयाची, तर उस्तादाचे स्वतःचे यंत्र तेवढा वेळ थांबते. रोज अर्धा तास तरी ते थांबू द्यावे, आणि त्या वेळेची मजुरी उस्तादाला निराळी मिळावी.