वाचता येतं, वाचावंसं वाटतं का?

माननीय कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
यांस,

ज्यांचं नाव आपलं विद्यापीठ मिरवतं, ते स्वामीजी आधी हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतले शिक्षक होते. म्हणून शाळेतला हा प्रश्न आपल्याकडे आणतोय.

मुलाला वाचता येतं का, हे आपल्याकडे नेमाने तपासलं जातं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे स्वयंसेवक दुसरीच्या पातळीचा उतारा पुढे ठेवतात. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाला तिसरीच्या मुलाकडून मिनिटाला ६० शब्द हवेत. तपासणी हवीच. पण खडाखडा वाचणारी कितीतरी मुलं धड्याबाहेरचं पान उघडत नाहीत आणि एखादं अडखळणारं मूल गोष्टीचं पुस्तक सोडत नाही. याची नोंद कुठेच होत नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचे फोटो तेवढे वर जातात.

आपल्या शिक्षणशास्त्र विभागाने वाचनप्रेरणा मोजणारी मराठी प्रश्नावली तयार करावी, ही माझी विनंती. अमेरिकेत विगफिल्ड आणि गथ्री यांनी १९९७ साली चौथी-पाचवीच्या मुलांवरचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. कुतूहल, गोष्टीत रमणं, गुण, चढाओढ, कौतुक असे पैलू त्यांनी वेगवेगळे मोजले. आतून ओढ असलेली मुलं जास्त आणि विविध विषयांचं वाचतात, असं त्यांना दिसलं. लातूरला ही फोड फार गरजेची आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं अभ्यासिकांत दिवसभर पुस्तकातच असतात. ‘वाचतोस का?’ विचारलं तर सगळी होच म्हणतील. कशासाठी, हे वेगळं विचारावं लागेल.

मात्र नुसतं भाषांतर करू नका. किनवटला घरात गोंडी, कोलामी बोलतात, बंजारा तांड्यावर गोरमाटी. देगलूरला तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडते. लहानांना त्यांच्या बोलीत, तोंडी विचारा. कागदावर नाव नको आणि वर्गशिक्षकही खोलीत नको, कारण गुरुजींना आवडेल तेच उत्तर मुलं देतात. उत्तरं शाळेच्या ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीशी ताडून पाहा: मुलाने आपणहून काय नेलं, काय पुन्हा नेलं?

आणि या आकड्यांवरून शाळांचे क्रमांक लावू देऊ नका. तसं झालं की मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतली जातील. निकाल त्या त्या शिक्षकाच्या हाती द्या, म्हणजे कपाटात कोणती पुस्तकं आणायची ते त्याला ठरवता येईल.

येत्या शैक्षणिक वर्षात किनवटचे तांडे आणि लातूर शहर, दोन्हीकडे पाचवी ते सातवीच्या वर्गांत पहिली चाचणी व्हावी. प्रश्न तयार करायला शिक्षकांना सोबत घ्या. मी यायला तयार आहे.

आपला नम्र,
अहमदपूर तालुक्यातला एक शिक्षक