नादिया कोमानेची : यशाचा जमाखर्च

१८ जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रिऑलच्या ऑलिंपिक स्पर्धांत चौदा वर्षांच्या एका रुमानियन मुलीने असमान उंचीच्या दांड्यांवरील आपला खेळ संपविला आणि गुणफलकावर १.०० हा आकडा उमटला. प्रेक्षक क्षणभर गोंधळले. दहापैकी दहा गुण कोणाला मिळतील अशी अपेक्षाच नसल्यामुळे फलकावर दशांशचिन्हाच्या डावीकडे एकाच अंकाची सोय होती. नादिया कोमानेचीने त्या स्पर्धांत आणखी सहा वेळा पूर्ण गुण मिळविले आणि तीन सुवर्णपदके, एक रौप्यपदक व एक कांस्यपदक घेऊन ती मायदेशी परतली. ही कथा क्रीडारसिकांना पाठ आहे. पुढील तेरा वर्षांची कथा तितकी परिचित नाही; पण राष्ट्राने आपल्या खेळाडूंकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या प्रश्नाच्या संदर्भात तीच अधिक बोधप्रद आहे.

नादियाचे यश हा निव्वळ दैवी देणगीचा चमत्कार नव्हता. ओनेश्त या कारखानदारीच्या गावातील सामान्य कुटुंबातल्या या मुलीला बेला आणि मार्ता कारोली या दांपत्याने लहानपणीच हेरले. व्यायामशाळा, शिक्षण, आहार यांचा भार शासनाने उचलला. १९७५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती युरोपची विजेती झाली. एखाद्या गरीब देशाने मर्यादित साधने निवडक क्षेत्रात एकवटली तर बलाढ्य राष्ट्रांनाही मागे टाकता येते, हे या पद्धतीने सिद्ध केले. तिला सरसकट नावे ठेवणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

परंतु भांडवल घालणारा पुढे मालकी सांगू लागतो, आणि येथे मालमत्ता म्हणजे एक लहान मूल होते. मॉन्ट्रिऑलहून परतल्यावर नादियाला ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब देण्यात आला. चौदा वर्षांच्या मुलीचा खेळ शासनाच्या लेखी ‘श्रम’ ठरला होता, हे त्या नावातच दिसते. १९७७ मध्ये प्राग येथील युरोपीय स्पर्धांत गुणांवरून वाद होताच चाउशेस्कु यांच्या आदेशाने संपूर्ण संघ स्पर्धा अर्धवट सोडून परत बोलावण्यात आला. खेळावयाचे की नाही, हे खेळाडूंना कोणी विचारले नाही. १९८० मध्ये मॉस्कोला तिने आणखी दोन सुवर्णपदके मिळविली. मार्च १९८१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कारोली दांपत्य तेथेच राहिले, आणि त्यांची शिष्या संशयाच्या फेऱ्यात सापडली. परदेशप्रवासावर बंधने आली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला तिला धाडण्यात आले, तेही पहाऱ्याखाली. देशाची कीर्ती जगभर नेणारी मुलगी देशाबाहेर जाऊ न देण्याजोगी वस्तू बनली.

याच काळात चाउशेस्कु यांची राजवट आणखी एक हिशेब मिटवीत होती. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी रुमानियावर परदेशांचे सुमारे १,००० कोटी डॉलर कर्ज होते. ते मुदतीपूर्वी फेडण्याचा हट्ट धरून धान्य व मांस परदेशी विकण्यात आले. घरी पाव, तेल, साखर यांच्यासाठी रांगा लागल्या. ऐन हिवाळ्यात घरे गारठली, दिवे मालवले. एप्रिल १९८९ मध्ये कर्ज पूर्ण फिटल्याची घोषणा झाली. खतावणीच्या दृष्टीने हे अपूर्व यश होते. त्यानंतर सात महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, अठ्ठावीस वर्षांची नादिया रात्रीच्या अंधारात चालत सीमा ओलांडून हंगेरीत पोहोचली आणि तेथून ऑस्ट्रियामार्गे अमेरिकेला गेली. पुढच्याच महिन्यात ती राजवट कोसळली. परकीय सावकारांचे देणे चुकले होते. स्वतःच्या नागरिकांचे देणे मात्र कोणत्याही वहीत मांडलेच गेले नव्हते.

हा दोष केवळ एका हुकूमशहाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्सची किमान वयोमर्यादा १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा वर्षांवर नेण्यात आली; कोवळ्या वयावर पडणाऱ्या भाराची ही उशिराची कबुली होय. २००६ मध्ये गुणदानाची पद्धत बदलली आणि ‘पूर्ण दहा’ इतिहासजमा झाले. पदकांची कोष्टके मात्र लोकशाही देशांतही पूर्वीच्याच उत्साहाने छापली जातात. त्या कोष्टकांत जमेची बाजू तेवढी असते. एका विजेतीमागे किती मुली दुखापतीने बाद झाल्या, त्यांच्या शिक्षणाचे काय झाले, तिशीत त्या कशावर जगतात, या खर्चाच्या रकमा तेथे आढळत नाहीत. क्रीडाक्षेत्रावर सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येक शासनाकडे हा खर्चाचा रकाना मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

एप्रिल १९९६ मध्ये नादिया बुखारेस्टला परतली, ती अमेरिकन जिम्नॅस्ट बार्ट कॉनर याच्याशी विवाह करण्यासाठी. या वेळी तिला कोणी बोलावून घेतले नव्हते की पाठीवर पहारा नव्हता. पूर्वी ती परतत असे, कारण तिला परतणे भाग होते. आता ती स्वेच्छेने आली आणि हजारोंच्या जमावाने तिचे स्वागत केले. देश आणि खेळाडू यांचे नाते निकोप आहे की नाही, याची कसोटी पदकांच्या संख्येपेक्षा अशा परतण्यातच लागते.